चुकीचा तांत्रिक सल्ला दुरुस्त करताना चर्चाच बिघडते : लक्षणे, तपासण्या आणि थांबण्याची वेळ

छोटी सर्किटे आणि मायक्रोकंट्रोलर (प्रोग्रॅम करता येणारी छोटी संगणक-चिप) असलेले बोर्ड यांचा छंद असलेल्या मंडळींच्या गटांमध्ये मी अनेक वर्षे नवशिक्यांच्या प्रश्नांना उत्तरे देत आले आहे. या काळात एक बिघाड मला पुन्हा पुन्हा भेटला. कोणीतरी प्रश्न विचारतो, दुसरा कोणीतरी मनापासून पण चुकीचा सल्ला देतो, तिसरा तो सल्ला दुरुस्त करायला जातो, आणि थोड्याच वेळात मूळ प्रश्न बाजूला पडून दोन जाणत्या माणसांचा वाद तेवढा उरतो. तिसऱ्याच्या जागी बहुतेक वेळा मी होते. त्यामुळे हा बिघाड कुठे सुरू होतो आणि कशाने थांबतो, याचा मला चांगला परिचय झाला आहे.

तपासण्यांचा क्रम मी सर्किट तपासताना ठेवते तसाच ठेवला आहे. बॅटरी जोडलेली आहे का हे न पाहता कोणी आयसी (चिप) बदलायला घेत नाही; त्याचप्रमाणे येथेही ज्याला दोन मिनिटे लागतात ते आधी आणि ज्याला आठवडे लागतात ते शेवटी येते.

लक्षणे

पहिले लक्षण असे, की तुमच्या दुरुस्तीला आलेले उत्तर मुद्द्याविषयी नसते, अनुभवाविषयी असते. "मी हे दहा वर्षे करतो आहे" किंवा "माझ्याकडे व्यवस्थित चालते" या वाक्यांत व्होल्टेज, करंट किंवा रेझिस्टरची (करंट मर्यादित ठेवणाऱ्या भागाची) ओहममधील किंमत यांपैकी काहीच नसते, म्हणजे चर्चा वस्तूवरून माणसावर सरकलेली असते.

दुसरे लक्षण म्हणजे प्रश्नकर्ता गप्प होतो. त्याला एलईडी लावायचा होता. त्याच्यासमोर आता दोन परस्परविरोधी उत्तरे आणि पंधरा संदेशांचा वाद आहे. कधी तो चुकीच्याच सल्ल्याप्रमाणे जोडणी करतो, कारण तो सल्ला एका ओळीचा होता आणि दुरुस्ती दोन परिच्छेदांची. कधी तो दोन्ही सल्ले अर्धे अर्धे घेतो, आणि त्यातून दोघांनीही न सांगितलेले असे सर्किट तयार होते.

तिसरे लक्षण उशिरा दिसते, पण माझ्या मते तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. काही आठवड्यांनी तोच चुकीचा सल्ला पुन्हा येतो, कधी त्याच व्यक्तीकडून, कधी तो वाद वाचलेल्या दुसऱ्याच कोणाकडून. याचा अर्थ, सल्ला चुकीचा आहे हे सांगितले गेले, पण त्याच्या जागी काय ठेवायचे ते लोकांच्या मनात बसले नाही. बाकीची लक्षणे सौम्य शब्दांनी कमी होतात. हे मात्र नुसत्या सौम्य शब्दांनी कधीच कमी होत नाही.

पहिली तपासणी : मूळ प्रश्न पुन्हा वाचणे

ही तपासणी फुकट आहे आणि मी वगळली त्या जवळजवळ प्रत्येक वेळी मला पश्चात्ताप झाला आहे. एकदा एका मुलाने लाल एलईडीविषयी विचारले होते आणि कोणीतरी "रेझिस्टरची गरज नाही" असे उत्तर दिले होते. रेझिस्टरशिवाय एलईडी जोडू नये हा नियम माझ्या इतका अंगवळणी पडला आहे, की मी लगेच ओहमच्या नियमासह लांबलचक दुरुस्ती लिहिली. प्रश्नाच्या दुसऱ्याच वाक्यात त्याने ३ व्होल्टच्या नाण्याएवढ्या लिथियम सेलचा उल्लेख केला होता, तो मी वाचलाच नव्हता. त्या सेलचा स्वतःचा अंतर्गत रोध इतका असतो, की सुमारे २ व्होल्टवर पेटणाऱ्या लाल एलईडीतून जाणारा करंट तो सेलच मर्यादित ठेवतो. छोट्या खेळण्यात ही जोडणी चालते. सल्ला देणाऱ्याने कारण सांगितले नव्हते इतकेच. त्या परिस्थितीपुरते त्याचे म्हणणे बरोबर होते आणि माझी दुरुस्ती अनावश्यक होती.

हाच सल्ला ९ व्होल्टच्या बॅटरीला लावला, तर एलईडी जळतो. तिथे उरलेले ७ व्होल्ट कुठेतरी पडावे लागतात. २० मिलीअँपिअर करंट धरला तर ७ भागिले ०.०२ म्हणजे ३५० ओहम येतात, आणि त्याच्या वरची सहज मिळणारी किंमत ३९० ओहमची आहे, जिच्यातून सुमारे १८ मिलीअँपिअर जातात. म्हणजे एकच वाक्य एका सेलवर खरे आणि दुसऱ्या बॅटरीवर खोटे ठरते. म्हणून प्रश्न वाचताना मी आता तीन गोष्टी कागदावर उतरवते : पुरवठा किती व्होल्टचा आहे, भार कोणता आहे आणि वस्तू किती वेळ चालवायची आहे. यांपैकी एखादी गोष्ट प्रश्नात नसेल, तर दुरुस्तीची वेळ अजून आलेली नाही. ती गोष्ट विचारण्याची वेळ आली आहे. असा प्रश्न विचारल्यावर सल्ला देणारा स्वतःच आपले म्हणणे सुधारतो, हे मी कितीतरी वेळा पाहिले आहे.

दुसरी तपासणी : सल्ला चुकीचा आहे, जुना आहे की केवळ आपल्या सवयीपेक्षा वेगळा आहे?

या तपासणीला पाच मिनिटे लागतात. सोल्डरिंग आयर्न ३५० अंशांवर ठेवा असे कोणी सांगितले आणि मी स्वतः ३२० अंशांवर काम करत असले, तर तो फरक सवयीचा आहे. शिशाचे ६३-३७ सोल्डर (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसे) १८३ अंश सेल्सिअसला वितळते आणि शिसेविरहित सोल्डरचा प्रचलित प्रकार २१७ ते २२० अंशांच्या दरम्यान वितळतो. आयर्नचे टोक यापेक्षा बरेच गरम ठेवावेच लागते, आणि ते नेमके किती हे टोकाच्या आकारावर, जोडाच्या वस्तुमानावर आणि हाताच्या वेगावर ठरते. अशा ठिकाणी दुरुस्ती लिहिली, की आपण प्रत्येकाच्या प्रत्येक वाक्यावर बोट ठेवणारी व्यक्ती ठरतो. मग ज्या दिवशी खरोखर काही सांगायचे असते, त्या दिवशी आपले कोणी ऐकत नाही.

जुना सल्ला हा निराळा प्रकार आहे आणि त्याला अधिक आदराने हाताळावे लागते. "बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय चार्ज करू नका" हा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळात कारणासह दिला जात असे. लिथियम-आयन सेलला मात्र पूर्ण उतरणे मानवत नाही; वारंवार खोलवर उतरवल्यास त्याचे आयुष्य कमी होते. हा सल्ला देणारी व्यक्ती अज्ञानी नसते, बहुधा आपल्यापेक्षा आधी या छंदात आलेली असते. तिला "निकेल-कॅडमियमसाठी हे योग्यच होते, प्रश्नातील सेल लिथियम-आयन असल्यामुळे येथे नियम उलटा आहे" असे सांगितले, तर तिचा अनुभव जागेवर राहतो आणि नवशिक्याला दोन प्रकारच्या बॅटऱ्यांमधील फरकही कळतो.

खरोखर चुकीचा सल्ला कसा टिकून राहतो, हे पाहायचे तर नळकामाच्या आम्लयुक्त फ्लक्सचे (सोल्डर नीट पसरावे म्हणून लावण्याच्या द्रव्याचे) उदाहरण घ्यावे. तो सर्किट बोर्डावर वापरला तर सोल्डर छान पसरते, जोड चकचकीत दिसतो आणि सर्किट पहिल्याच प्रयत्नात चालू होते. आम्लाचा अवशेष तांबे आणि भागांचे पाय खाऊ लागतो तो नंतर, आणि बिघाड येईपर्यंत सल्ला देणारा दुसऱ्या प्रकल्पाकडे वळलेला असतो. त्याने फक्त यश पाहिलेले असते. तो खोटे बोलत नाही, हे आधी स्वतःच्या मनाला पटले की दुरुस्तीचा सूर आपोआप बदलतो, वेगळे सौजन्य मिसळावे लागत नाही.

तिसरी तपासणी : आपले म्हणणे डेटाशीटमध्ये (उत्पादकाच्या तांत्रिक माहितीपत्रकात) आहे का?

आता अर्धा तास लागेल. मायक्रोकंट्रोलरच्या पिनवरून रिले (कॉइलमधील करंटने चालू-बंद होणारा विजेचा स्विच) थेट चालवता येतो, हा सल्ला मला सर्वाधिक वेळा दुरुस्त करावा लागला आहे. पूर्वी मी "असे कधीही करू नये" एवढेच लिहीत असे आणि वाद पेटत असे, कारण समोरच्याकडे सहा महिने चालणारा रिले होता आणि माझ्याकडे केवळ एक आज्ञा होती.

आर्डुइनो युनो या छंदप्रिय मायक्रोकंट्रोलर बोर्डावरील एटीमेगा ३२८पी या चिपच्या डेटाशीटमध्ये प्रत्येक पिनसाठी ४० मिलीअँपिअर ही कमाल मर्यादा दिलेली आहे. कमाल मर्यादा म्हणजे रोज वापरण्याची पातळी नव्हे. तिच्या पुढे चिपला कायमची इजा होऊ शकते, असा तिचा अर्थ आहे, आणि नेहमीच्या वापरासाठी २० मिलीअँपिअरच्या आत राहणे योग्य असते. ५ व्होल्टच्या लहान रिलेच्या कॉइलचा रोध बहुधा ७० ओहमच्या आसपास असतो, म्हणजे तिला ५ व्होल्टवर सुमारे ७१ मिलीअँपिअर लागतात. शिवाय कॉइल बंद होताना उलट दिशेने उसळणारे व्होल्टेज वेगळेच.

मग समोरच्याचा रिले सहा महिने कसा चालला? या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत दुरुस्ती लिहू नये, असे माझे ठाम मत आहे. उत्तर असे आहे, की पिनचाही स्वतःचा अंतर्गत रोध असतो. भार आला की पिनवरचे व्होल्टेज खाली येते, कॉइलला पूर्ण ५ व्होल्ट मिळत नाहीत आणि करंट ७१ मिलीअँपिअरपेक्षा कमी, पण मर्यादेपेक्षा जास्त राहतो. एखादा रिले तेवढ्यावर ओढला जातो, दुसरा नुसताच थरथरतो. म्हणजे त्याचा अनुभव खरा आहे आणि डेटाशीटही खरी आहे. हे स्पष्टीकरण हातात असले, की "तुमचा रिले चालतो, यावर माझा विश्वास आहे, तो का चालतो आणि दुसऱ्याचा का चालणार नाही, ते सांगते" असे लिहिता येते. त्यानंतर वादाला फारसे कारण उरत नाही.

या तपासणीत कधी कधी आपणच चुकलेले असतो. दुरुस्ती आधीच लिहून झाली असेल, तर ती खोडून टाकू नये. तिच्याखाली "वरील आकडा चुकला आहे, योग्य आकडा असा आहे" असे लिहून ती तशीच ठेवावी, म्हणजे मधल्या काळात ती वाचून गेलेल्या माणसालाही बदल कळतो.

चौथी तपासणी : स्वतः मोजून पाहणे

डेटाशीट ज्यांना पटत नाही, त्यांना मोजमाप पटते. "५ व्होल्ट १ अँपिअरच्या उपकरणाला २ अँपिअरचा ॲडॉप्टर लावला, तर जास्तीच्या करंटने ते जळते" हा समज इतका पसरलेला आहे, की नुसत्या शब्दांनी तो हलत नाही. ॲडॉप्टरवर छापलेले अँपिअर ही त्याची देण्याची क्षमता असते. उपकरण आपल्याला लागतो तेवढाच करंट घेते, जुळायला हवे ते व्होल्टेज आणि पिनची धन-ऋण बाजू. मी ८० मिलीअँपिअरच्या आसपास करंट घेणारा एक बोर्ड घेऊन, मल्टिमीटर मालिकेत जोडून, दोन्ही ॲडॉप्टरवर मोजमाप केले आणि दोन्ही आकड्यांची छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवली. त्यानंतर त्या गटात कोणी आवाज चढवला नाही. हे मोजमाप करणाऱ्यांसाठी एक सूचना : करंट मोजून झाला की मल्टिमीटरची लाल वायर अँपिअरच्या भोकातून काढून लगेच व्होल्टच्या भोकात लावावी, कारण ती तशीच ठेवून व्होल्टेज मोजायला गेले, तर मीटर पुरवठ्याला थेट शॉर्ट करतो.

मोजताना समोरच्याच्या समजाचे मूळही शोधावे. "मोठ्या" ॲडॉप्टरने उपकरण जळाल्याचे एखाद्याने खरोखर पाहिलेले असते. जुने, ट्रान्सफॉर्मर असलेले आणि नियंत्रण नसलेले ॲडॉप्टर कमी भारावर छापलेल्यापेक्षा बरेच जास्त व्होल्टेज देतात. १२ व्होल्ट छापलेला असा ॲडॉप्टर विनाभार १६ व्होल्टही दाखवू शकतो. तो जितका मोठा आणि उपकरण जितके लहान, तितके हे व्होल्टेज चढलेले राहते. म्हणजे उपकरण जळाले हे खरे होते, दोष मात्र अँपिअरचा नसून व्होल्टेजचा होता.

पाचवी तपासणी : वाक्याची बांधणी

आतापर्यंतच्या तपासण्यांनी आपण बरोबर आहोत हे ठरले. बरोबर असणे आणि ते स्वीकारले जाणे यांत मोठे अंतर आहे, आणि या अंतराचा अभ्यास झालेला आहे. १९९४ साली हॉलिन जॉन्सन आणि कॉलीन सीफर्ट यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना एका गोदामाला लागलेल्या आगीची हकिगत वाचायला दिली होती. सुरुवातीला एका कपाटात तैलरंग आणि गॅसच्या टाक्या असल्याचे सांगितले जाई आणि पुढे ते कपाट रिकामे होते अशी दुरुस्ती येई. दुरुस्ती वाचून, लक्षात ठेवूनही लोक आगीचे स्पष्टीकरण देताना त्या रंगांचाच आधार घेत राहिले. आगीचे दुसरे कारण पुरवले गेले, तेव्हा मात्र हा परिणाम बराच कमी झाला. तिसऱ्या लक्षणाचे, म्हणजे तोच सल्ला परत येण्याचे मूळ मला येथे सापडले. नुसते "नाही" म्हटल्याने मनात एक मोकळी जागा राहते आणि जुनी समजूत तिथे परत येऊन बसते.

दुरुस्ती केल्याने माणूस उलट अधिकच हट्टाला पेटतो, असे अनेकजण म्हणतात आणि त्या कारणाने गप्प राहतात. ब्रेंडन नायहन आणि जेसन रीफ्लर यांच्या २०१० च्या राजकीय विषयांवरील अभ्यासातून ही कल्पना पसरली. परंतु थॉमस वूड आणि ईथन पोर्टर यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या, दहा हजारांहून अधिक लोकांवरील अभ्यासात असा उलटा परिणाम शोधूनही फारसा आढळला नाही. राजकारणाबाबत जर असे असेल, तर रेझिस्टरच्या किमतीबाबत निराश होण्याचे कारण नाही. म्हणून दुरुस्ती करावी, फक्त ती रिकामी नसावी.

मराठीत लिहिताना काही शब्दांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. "तुम्ही चुकीचे सांगितले" या वाक्याचा कर्ता माणूस आहे. "हा सल्ला ९ व्होल्टवर लागू पडत नाही" या वाक्याचा कर्ता सल्ला आहे आणि त्यातच मर्यादाही आली आहे. शब्दाच्या शेवटचा "च" फार बोचतो : "हे चुकीचे आहे" आणि "हे चुकीचेच आहे" यांत माहिती तेवढीच असते, पण दुसऱ्यात दार बंद झालेले असते. वाक्य "अहो" ने सुरू झाले आणि "हो" ने संपले, की प्रत्यक्ष बोलताना जी आपुलकी आवाजातून येते ती लेखी मजकुरात उरत नाही आणि वाचणाऱ्याला आपली समजूत घातली जाते आहे असे वाटते. "तुमचे बरोबर आहे, पण" या रचनेतला "पण" आधीचे सगळे पुसून टाकतो. त्याऐवजी दोन स्वतंत्र वाक्ये करावीत आणि पहिले वाक्य खरोखर खरे असेल तरच लिहावे. "साधी गोष्ट आहे" हे शब्द तर मी पूर्ण सोडून दिले आहेत, कारण ज्याला ती गोष्ट कळलेली नाही त्याला ते शब्द हमखास लागतात.

दुरुस्ती सल्ला देणाऱ्याला उद्देशून लिहायची की प्रश्नकर्त्याला, हेही आधी ठरवावे. मी नेहमी प्रश्नकर्त्याला लिहिते. रिलेच्या बाबतीत माझा मजकूर साधारण असा असतो : "तुमच्या रिलेच्या कॉइलला सुमारे ७१ मिलीअँपिअर लागतील आणि बोर्डाच्या पिनची कमाल मर्यादा ४० आहे. वर सुचवलेली थेट जोडणी काही रिलेंवर चालते, कारण पिनचे व्होल्टेज खाली येऊन करंट थोडा घटतो; तरीही पिन मर्यादेबाहेरच राहते. पिनपासून १ किलोओहमचा रेझिस्टर टूएन२२२२ ट्रान्झिस्टरच्या बेसला जोडा, एमिटर ग्राउंडला, कॉइल ५ व्होल्ट आणि कलेक्टर यांच्यामध्ये, आणि कॉइल बंद होताना उसळणारे व्होल्टेज जिरवायला तिला समांतर असा डायोड जोडा, ज्याचा पट्टा ५ व्होल्टच्या बाजूला असेल. जोडणी झाल्यावर रिले चालू असताना पिनवरचे व्होल्टेज मोजा; ते ५ च्या अगदी जवळ राहायला हवे." यात कोणाचे नाव नाही, सल्ल्यातला खरा भाग मान्य केलेला आहे, पर्याय पूर्ण दिलेला आहे आणि शेवटी पडताळणी प्रश्नकर्त्याच्या हातात आहे. माझ्यावर विश्वास ठेवण्याची त्याला गरज उरत नाही, आणि माझ्या दृष्टीने हाच या मजकुराचा सर्वांत मोलाचा गुण आहे.

सहावी तपासणी : जागा आणि वेळ

दशांश चिन्ह चुकले असेल, १ किलोओहमऐवजी १० लिहिले गेले असेल, तर खासगीत कळवावे. लिहिणारा स्वतःच बदल करतो आणि कोणाचाही मान जात नाही. वस्तू किंवा माणूस यांना इजा होण्याची शक्यता असेल, तर उत्तर सर्वांसमोरच हवे, कारण सल्ला वाचणारे किती आहेत हे आपल्याला माहीत नसते.

राग आला असेल तर थांबावे. ऑक्टोबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी १८५५ या इंटरनेटवरील शिष्टाचाराच्या मार्गदर्शिकेतही भावनेच्या भरातले उत्तर पाठवण्याआधी रात्र जाऊ द्यावी असे सुचवलेले आहे, आणि ते सूत्र अजूनही उपयोगी पडते. संख्येची मर्यादा मात्र मी स्वतःसाठी घातली आहे : एकदा दुरुस्ती, आणि विचारणा झाली तर एकदा स्पष्टीकरण. तिसरा संदेश प्रश्नकर्त्यासाठी नसतो. तो आपल्यासाठी असतो.

सातवी तपासणी : चुकीचा सल्ला येतो कुठून?

ही सर्वांत कष्टाची तपासणी आहे, कारण तिला आठवडे लागतात. तोच सल्ला वेगवेगळ्या माणसांकडून येत असेल, तर ती माणसे एकाच स्रोतातून शिकलेली असण्याची शक्यता मोठी असते : डायोड न दाखवलेली एखादी आकृती, किंवा ५ व्होल्टच्या सेन्सरची तार रास्पबेरी पाय या छोट्या संगणक-बोर्डाच्या ३.३ व्होल्टच्या पिनला थेट जोडलेले एखादे छायाचित्र. त्या पिना ५ व्होल्ट सहन करत नाहीत. मध्ये १ किलोओहम आणि २ किलोओहमच्या दोन रेझिस्टरांचा व्होल्टेज विभाजक टाकला, तर पिनवर ३.३३ व्होल्ट येतात. अशा वेळी प्रत्येक माणसाला दुरुस्त करत बसण्याऐवजी ती आकृती काढणाऱ्याला कारणासह आणि सुधारलेल्या आकृतीसह लिहावे. उत्तर येतेच असे नाही. पण जेव्हा आकृती बदलली जाते, तेव्हा एक प्रश्न कायमचा मिटतो. गटासाठी कायमस्वरूपी टिपण लिहायचे असेल, तर पूर्वी चुकीचा सल्ला देणाऱ्या व्यक्तीलाच ते तपासायला द्यावे. तिच्याइतके काटेकोरपणे ते दुसरे कोणी वाचत नाही.

कधी थांबायचे आणि कोणाला बोलवायचे

चर्चा वैयक्तिक अपमानावर गेली, तर दुरुस्ती करणाऱ्याचे काम संपले. पुढचे काम गटाच्या व्यवस्थापकांचे आहे. त्यांना एकदाच, वस्तुस्थितीपुरते कळवून बाजूला व्हावे.

खरी काळजीची गोष्ट दुसरी आहे. काही सल्ल्यांना सुधारित पर्याय देणे हीच चूक असते, आणि येथे पाचव्या तपासणीतला माझा नियम मी स्वतः बाजूला ठेवते. घराच्या मुख्य वीजपुरवठ्याचे वायरिंग, वारंवार उडणाऱ्या फ्यूजच्या जागी जाड तार घालण्याचा सल्ला, फुगलेला लिथियम सेल पुन्हा चार्ज करण्याचा सल्ला, गॅसवर चालणारी उपकरणे आणि मायक्रोवेव्ह ओव्हनच्या आतील भाग या विषयांत दुरून सांगितलेली "योग्य पद्धत" प्रश्नकर्त्याला फक्त पुढे जाण्याचे धैर्य देते. मायक्रोवेव्ह ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर सुमारे २,००० व्होल्ट निर्माण करतो आणि त्याचा कॅपॅसिटर प्लग काढल्यावरही भारित राहू शकतो. असा ट्रान्सफॉर्मर वापरून लाकडावर विजेने फांद्यांसारखी नक्षी जाळण्याच्या छंदात अनेकांचे प्राण गेले आहेत. लाकूडकातकाम करणाऱ्यांच्या अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स या संघटनेने आपल्या कार्यक्रमांत या प्रकाराला बंदी घातली आहे. तिथे रबरी हातमोजे सुचवणारा सल्ला दुरुस्त करून अधिक जाड हातमोजे सुचवले, तर आपणही त्याच चुकीत सामील होतो.

अशा प्रसंगी रात्र जाऊ द्यायची नसते, खासगीत लिहायचे नसते, आणि सल्ला देणाऱ्याला काय वाटेल याचा विचार दुसऱ्या क्रमांकावर येतो. मी तेव्हा चार वाक्ये लिहिते आणि त्यांत फेरफार करत नाही : "कृपया येथेच थांबा. प्लग काढलेला असला तरी आतील भागाला हात लावू नका. यातील धोका छायाचित्र पाहून ठरवता येत नाही, म्हणून मी पुढची पायरी सांगणार नाही. परवानाधारक वायरमन किंवा त्या उपकरणाचा प्रशिक्षित तंत्रज्ञ प्रत्यक्ष येऊन पाहीपर्यंत ते बंदच ठेवा, आणि तो येऊन गेल्यावर काय आढळले ते येथे कळवा."